सलामीची काडतुसं

ज्या घरात शस्त्र असतं, त्या घरासमोरून गाव मान खाली घालून जातं. हे आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, मत होतं आणि ते सांगताना ते बसल्या जागी ताठ होत. आमच्या घरात शस्त्र होतं. एकनळी बंदूक, आजोबांकडून अण्णांकडे आलेली, परवान्यावर कारण ‘शेतीसंरक्षण’ असं लिहिलेली. आमच्या पोशीर गावची माणसं आमच्या घरासमोरून जाताना मान खाली घालत हेही खरं. पण अंगणाबाहेर चिखल असायचा, त्यातला एक दगड सैल होता, आणि तो नेमका कुठला हे बघितल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे. बंदूक मधल्या खोलीत दोन खुंट्यांवर आडवी असे. तिच्या दस्त्यावर अण्णांची टोपी किंवा आईचं ओलं फडकं वाळत असायचं, जे आधी पोचेल ते.

भात दुधात आलं की डोंगराकडून रानडुकरं उतरत आणि एका फेरीत अख्खं खाचर लोळवून जात. तेव्हा अण्णा बंदूक घेऊन शेतातल्या माळ्यावर जाऊन बसत. अण्णांनी आयुष्यात किती डुकरं मारली हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारत नसे. बाराचा आवाज झाला की डुकरं पळायची आणि पिकाला तेवढं पुरे होतं. आवाज मात्र व्हायला हवा. अण्णांनी स्वतः भरलेली काडतुसं स्वभावाने वेगवेगळी असत. एक तोफेसारखं वाजे, दुसरं म्हातारा खोकल्यासारखं, आणि तिसरं नुसतं विचारात पडे. अण्णा दोष काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या टोपीला देत, हवेला देत, दुकानदाराला देत. त्यांच्या डोळ्यांत पडदा उतरायला लागला होता, आणि मापात दारू किती पडली आणि मापाबाहेर किती, हे त्यांना दिसत नव्हतं. हे आईला माहीत होतं. ती म्हणाली, तुमी वर लक्ष ठेवा, पोरी भरतील. वर लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे कोणी स्पष्ट केलं नाही, पण अण्णांना ती योजना पटली.

बंदूक पुरुषाची, परवाना पुरुषाचा. पण घरात जे जे भरायचं असतं, करंज्या, बरण्या, पाण्याचे हंडे, ते बायकांकडे येतं आणि काडतुसंही त्याच वाटेने आली. तयार काडतुसं महाग होती आणि सहज मिळत नसत. आमची काडतुसं पितळी होती, उडालं की पुन्हा भरायचं. भरायचा दिवस आई ठरवायची. कोरड्या हवेचा, पाहुणा यायची शक्यता नसलेला. त्या दिवशी आमच्या चुलीला सुट्टी असे. पहाटे उठून आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची, मग निखारे विझवून, राख पाणी मारून गोठ्यामागे नेऊन टाकायची. दिवसभर गार भाकरी, सुकटीची चटणी, कांदा, दही आणि आदल्या दिवशीचा भात. चहा नाही. चहावाचून अण्णांचं तोंड उतरायचं आणि विडी तर आईने सकाळीच काढून घेतलेली असायची. नायलॉनची साडी नेसायला बंदी होती. तिच्यातून ठिणगी पडते असं अण्णांना कोणीतरी कर्जतला सांगितलं होतं, म्हणून त्या दिवशी आम्ही तिघी जुनी सुती लुगडी नेसून बसायचो. आमच्या कौलांतून धूर निघाला नाही की आळीला कळायचं. शेजारची काकू परड्यातून ओरडायची, ‘काय गं, आज बार भरताय वाटतं,’ आणि आपली पोरं हाकत लांब न्यायची.

माझ्याकडे दोन कामं होती. उडालेली पितळी नळकांडी चिंच लावून घासायची आणि सुपात उन्हात मांडायची, हे एक. दुसरं, डाट कापायचे. दारूवर आणि छर्ऱ्यांवर दाबून बसवायला जाड कागदाच्या चकत्या लागत, आणि आमच्या घरात जाड कागद म्हणजे लग्नपत्रिका. वर्षभरात आलेल्या सगळ्या पत्रिका आई जपून ठेवायची. मी एका धारदार कडीने त्यांच्यातून गोल पाडायची. त्यामुळे आमच्या शेतात डुकरांच्या मागावर गेलं की बांधावर जळक्या कडांच्या चकत्या सापडायच्या आणि त्यांवर ‘श्रीकृपेकरून’, ‘चि. सौ. कां.’, ‘अगत्याचे आमंत्रण’ असं काही काही लिहिलेलं असायचं. डुकरांशी इतक्या आदराने वागणारं दुसरं घर तालुक्यात नसावं.

आणि भरायचं काम शालूताईचं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, दहावी पास होऊन घरी बसलेली. बसलेली म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत उभी. आजोबांच्या वेळचं एक छोटं पितळी माप होतं, त्यात दारू घेऊन ती वरून अंगठा गोल फिरवायची, आणि तेव्हा तिचा श्वास थांबलेला असे. माप किती हे मी इथे सांगत नाही, कारण मला ते तिने कधीच सांगितलं नाही. मी विचारलं की ती म्हणायची, ‘तू चकत्या काप.’ घर इतकं शांत व्हायचं की पितळेवर पितळ टेकल्याचा आवाज ओटीवर ऐकू जाई. छर्रे ताटात ओतले की साबुदाण्यासारखे वाजत, फक्त जड. शेवटचा डाट बसवून, कडेने मेण लावून झालं, की ती प्रत्येक काडतूस कानाशी धरून हलवायची. आत काही हललं तर म्हणायची, ‘बोलतंय,’ आणि ते उघडून पुन्हा भरायची. न बोलणारी काडतुसं ती सुपात डावीकडे ओळीने उभी करी. अण्णा ओटीवर बसून असत, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीतला परवाना. अधूनमधून आत येऊन ‘हां, जमतंय’ म्हणायचे आणि पुन्हा जाऊन बसायचे. ताईने भरायला घेतल्यापासून एकही बार फुकट गेला नाही. गावात अण्णांचं नाव झालं.

आता अलीकडे एकदा खालापूरला ताईकडे गेले होते, तेव्हा तिच्या नातवाने आम्हा दोघींना मोबाइलवर एक गोष्ट दाखवली. परदेशातला एक दाढीवाला माणूस, त्याच्यापुढे मनगटाएवढं जाडजूड पिस्तूल, आणि त्या पिस्तुलाची काडतुसं तो घरच्या गॅरेजमध्ये स्वतः भरत होता. एका यंत्राचा दांडा खाली ओढायचा, वर न्यायचा. नातू म्हणाला, आज्जी, हे पिस्तूल गॅसवर चालतं. ताईने विचारलं, सिलिंडर कुठं बसवतात? तो हसून लोळला. मग त्याने समजावलं, की बार उडाला की जो धूर होतो तोच आत वळवून घेतात, त्याच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप नळीत येतं, आणि काडतूस नीट भरलेलं नसलं तर सगळं मध्येच अडकतं. ताईने चष्मा लावला आणि तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. दाढीवाल्याच्या हातांकडे ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘घाई करतोय तो,’ आणि उठून कुकर लावायला गेली. तिचे हात आता संधिवाताने वाकलेत. पण मला त्या क्षणी तो गोल फिरणारा अंगठा दिसला, आणि हे प्रकरण लिहायला हवं असं तेव्हाच वाटलं.

ताई काडतुसं भरत होती त्याच काळात गावात ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली. इमारत म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा, पण उद्घाटन सभापतींच्या हस्ते होतं, त्यामुळे तिला वास्तू म्हणायचं ठरलं. सरपंचांनी कुठेतरी बंदुकांची सलामी बघितली होती. आपल्या गावाला बंदुका नव्हत्या, पण बंदूक होती. ते आमच्या ओटीवर येऊन बसले. अण्णांनी सांगून पाहिलं, की परवाना पिकासाठी आहे, सभापतींसाठी नाही. सरपंच म्हणाले, ‘अण्णा, सभापती बी वर्साकाठी एकदाच येतात. पीकच समजा.’ पाच बार काढायचे ठरले, अर्थात छर्रे न घालता. दुसऱ्याच दिवशी आमची चूल विझली. नुसत्या आवाजाचे बार भरणं जास्त कठीण, ताई म्हणाली, कारण आवाजाखेरीज त्यात काहीच नसतं, तो चुकला तर झाकायला जागा नाही. भाषणांनाही हे लागू आहे हे मला पुढे शाळेत नोकरी करताना कळलं.

समारंभाला मांडव, लाऊडस्पीकर, हार, आणि हारांच्या आधी त्यांची यादी वाचायला एक गुरुजी, असं सगळं होतं. व्यासपीठावर सभापती, त्यांच्या शेजारी नव्याने बदलून आलेले फौजदार, आणि टोकाला एक उंच, मिशा पिकलेले गृहस्थ. ते सैन्यातून निवृत्त झालेले कर्नल, साजगावच्या एका कारखान्यात सुरक्षेचं बघत. त्या कारखान्याने पंचायतीला छपराचे पत्रे दिले होते, म्हणून त्यांना बोलावलं होतं. समारंभाआधी मांडवामागे चहा झाला. फौजदारांना आपण नवीन आहोत हे कोणी विसरू नये असं वाटत असावं. त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून, चार माणसांना ऐकू जाईल असं हसत म्हटलं, ‘परवाना तुमच्या नावावर, अण्णा. बंदुकीला, दारूगोळ्याला घरातल्या दुसऱ्या कोणाचा हात लागला असं कळलं, तर गेला म्हणून समजा.’ सगळे हसले. अण्णाही हसले. मी पाण्याचा जग घेऊन जवळच होते, आणि हसताना अण्णांचा हात कोटाच्या खिशातल्या काडतुसांवर गेला तो मला दिसला.

नारळ फुटला, फीत कापली, पाहुणे व्यासपीठावर जाऊन बसले आणि अण्णांनी पहिला बार काढला. मग दुसरा, तिसरा. सरपंचांनी हाताने इशारा करायचा आणि अण्णांनी घोडा ओढायचा. पाचही बार एकामागून एक, एकाच उंचीचे, एकाच जाडीचे झाले, जणू कोणी एकच बार पाच वेळा ऐकवला. समोरच्या झाडावरचे बगळे पहिल्याला उडाले ते परत यायचं विसरले. तिसऱ्या बाराची एक चकती हवेतून गिरक्या घेत व्यासपीठावर आली आणि सभापतींच्या मांडीवर पडली. त्यांनी ती मोठ्या गांभीर्याने उचलून वाचली. तिच्यावर ‘कृपया आहेर आणू नये’ असं होतं. त्यांनी ती खिशात टाकली. पुढे सत्काराच्या वेळी त्यांनी शाल आणि घड्याळ दोन्ही घेतलं.

कर्नलसाहेब मात्र भाषणं सुरू व्हायच्या आत उठून खाली आले. आभाराआधी पाहुणा खाली उतरला म्हणून गुरुजींची यादी बिघडली. ते अण्णांजवळ गेले, टेबलावर ठेवलेली पाचही रिकामी काडतुसं एकेक करून उचलली, आतून बघितली, वास घेतला. फौजदार काय चाललंय ते बघायला मागोमाग आले. शालूताई पेढ्यांचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. पाहुण्यांना पेढे द्यायचं काम गावातल्या दहावी पास मुलींना दिलेलं होतं.

‘कोणी भरली ही?’ कर्नलसाहेबांनी विचारलं.

आवाज सैन्यातला, त्यामुळे साधा प्रश्नही चौकशीसारखा वाटला. अण्णांनी त्यांच्याकडे नाही, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या फौजदारांकडे बघितलं.

‘मीच भरतो, सायेब. घरात दुसरं कोन हात लावत नाय.’

कर्नलसाहेबांनी हातातलं काडतूस टेबलावर ठेवलं. मग त्यांनी सांगितलं ते मी शब्दशः आठवते असं म्हणणार नाही, पण आशय विसरणं शक्य नाही. कारखान्यात ते नेमबाजीचा क्लब सुरू करत होते. कामगारांच्या आणि आसपासच्या गावांतल्या मुलींसाठी. त्यांच्या पत्नीचा तसा हट्ट होता. विकतची काडतुसं परवडत नाहीत, तेव्हा रीतसर परवानगी काढून ती तिथेच भरायची आणि त्यासाठी माणूस हवा होता. पगार मिळणार होता आणि न्यायला-आणायला कंपनीची गाडी. बाई मिळाली तर फार बरं, कारण मुली तिच्याकडून शिकतील. ‘बार ऐकले तेव्हा मला वाटलं, हा बाईचा हात असणार,’ ते म्हणाले. ‘तुमच्या हाताखाली कोणी शिकलेलं आहे का? मुलगी, सून?’

फौजदार मोठ्याने हसले. ‘काय अण्णा, पोरींना लावलंत का काय दारू भरायला?’

मी ताईकडे बघितलं. तिच्या उजव्या अंगठ्याला आणि बोटाला काळा डाग होता. तो चिंचेनेही निघायचा नाही, आम्हा तिघींच्या हातांना तो असायचाच. ती अण्णांकडे बघत होती. माझी खात्री आहे की त्या क्षणी तिला नोकरी नको होती, गाडीही नको होती. फक्त अण्णांनी तिच्याकडे मान वळवायला हवी होती.

‘न्हाई सायेब,’ अण्णा म्हणाले. ‘पोरींना काय कळतंय त्यातलं. त्या चूल बघतात.’

कर्नलसाहेबांनी मान हलवली. त्यांची नजर ताईच्या हातांवरून गेली, पण हातांत ट्रे होता आणि ट्रेमध्ये पेढे. त्यांनी पेढा घेतला, तिला ‘थँक यू’ म्हटलं आणि वर जाऊन बसले.

आम्ही घरी आलो. ताईने बंदूक पुसून खुंट्यांवर ठेवली. आईला सगळं मी सांगितलं. ती ओटीवर गेली आणि अण्णांच्या समोर, एरवी ती कधी बसत नसे तशी, बसली. ‘तुमी सांगायचं व्हतं.’ अण्णा म्हणाले, ‘फौजदार कडेला उबा व्हता. उद्या पोरीला चौकीवर नेली असती तर?’ हे त्यांनी खरंच मनापासून म्हटलं होतं. आपण मुलीला वाचवली असं त्यांना वाटत होतं. आई म्हणाली, आता फौजदार नाय, आता साजगावला जावा आणि त्या सायेबांना खरं काय ते सांगा. अण्णा सोमवारी सकाळी धुतलेलं धोतर नेसून, छत्री घेऊन निघाले. संध्याकाळी परत आले ते कर्जत स्टेशनवरचे वडे घेऊन. म्हणाले, सायेब भेटले नाहीत. आम्ही वडे खाल्ले. ताईनेही खाल्ले, ती रागावून उपाशी राहणाऱ्यांतली नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं.

खरं काय झालं ते अण्णांनी आईला कित्येक वर्षांनी सांगितलं. ते खोपोलीपर्यंत गेले, तिथून साजगावच्या फाटकापर्यंतही पोचले. फाटकावरच्या माणसाने विचारलं, काय काम आहे? ‘काय सांगनार व्हतो त्याला?’ अण्णा आईला म्हणाले. ‘त्या दिशी मी खोटं बोललो, हे सांगायला आलोय म्हनून?’ तो माणूस वाट बघत होता आणि अण्णांना वाक्य सुचेना. मग ते छत्री उघडून परत फिरले. ऊन होतं म्हणून, असं त्यांनी स्पष्ट केलं.

पुढच्या हंगामात आईने चूल विझवली, राख बाहेर नेली, आणि ताई म्हणाली, माझे डोळे चुरचुरतात, मी नाही बसत. कोणी आग्रह केला नाही. मी भरायला बसले. माझी सगळी काडतुसं बोलायची. अण्णांनी त्या वर्षी माळ्यावरून बार काढले, त्यांतले अर्धे डुकरांनी मनावर घेतले नाहीत. त्यानंतर अण्णा कर्जतहून तयार काडतुसं आणायला लागले, थोडीच, आणि हळूहळू तीही बंद झाली. ताईचं लग्न ठरलं ते खालापूरकडे. जावई नोकरीवाला हवा होता आणि तो मिळाला, साजगावच्या त्याच कारखान्यात फिटर. मला हा नशिबाचा फार दुष्ट विनोद वाटला होता. ताईच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या, त्या आईने सवयीने जपून ठेवल्या. त्यांच्यातून कोणी चकत्या पाडल्या नाहीत.

अण्णांना शेवटी दिसत नव्हतं. ताई माहेरी आली की ते तिचा हात हातात घेऊन अंगठा चाचपत बसायचे. एकदा म्हणाले, ‘शालू, त्या दिशी पाची बार एकसारखं झालं व्हतं गं.’ ती म्हणाली, ‘हो, अण्णा.’ यापलीकडे दोघांनी त्या विषयाला हात लावला नाही. अण्णांना बोलायचं होतं ते एवढंच होतं की आणखी काही, हे मला ठरवता येत नाही. मला त्यांचा राग येऊन गेला, मग त्यांची कीव आली, आणि आता त्यांच्याच वयाला आल्यावर दोन्ही पुरेसं वाटत नाही. एक वाक्य होतं. ‘ही माझी मुलगी, हिने भरली.’ भिऊन का होईना, चाचरत का होईना, ते त्या मांडवात बोललं जायला हवं होतं. परवाना गेला असता तर गेला असता. डुकरं तशीही येणारच होती. ती अजूनही येतात, फक्त आता खाचरांच्या जागी बंगले आहेत आणि ती हिरवळ उकरतात.

हे सगळं मी इतकी वर्षं मनात ठेवून होते. खालापूरला जाताना बस साजगावच्या बाजूने गेली, की मी त्या कारखान्याच्या फाटकाकडे बघायची आणि आत कुठेतरी पांढरा कोट घातलेली, मुलींना शिकवणारी, पगारपत्रकावर सही करणारी शालूताई मला दिसायची. गेल्या खेपेला मात्र मी तिला एकदाचं विचारलं. ती शेवग्याची पानं खुडत बसली होती. मी म्हटलं, ताई, त्या दिवशी अण्णांनी सांगितलं असतं, तर तुझं सगळंच वेगळं झालं असतं, नाही? तुला कधी वाईट वाटतं का गं?

तिने ताटली गुडघ्यावर घेतली. ‘वाटलं ना,’ ती म्हणाली. ‘लग्नाआधी खूप वाटलं. रडायचे मी, गोठ्यात जाऊन. अण्णांनी नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं मला.’ मग थोडी पानं खुडून झाल्यावर तिने विचारलं, ‘तुला ह्यांनी कधी सांगितलं नाही का?’ मी म्हटलं, काय? तेव्हा तिने सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात भावोजींकडून तिला कळलं होतं, की तो क्लब कधी सुरू झालाच नाही. परवानगी आली नाही आणि कर्नलसाहेब नोकरी सोडून पुण्याला गेले. नेमबाजीसाठी बांधलेल्या शेडमध्ये कंपनीने सायकल स्टँड केला. भावोजी निवृत्त होईपर्यंत तिथेच सायकल लावत. शेड चांगली होती, ताई म्हणाली, पावसाळ्यात गळायची नाही.